डब्याचे सोवळे

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दोन पिढ्यांत पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही गावे एका महानगरात मिसळून गेली. मग हा पट्टा मोशीच्या पुढे चाकणपर्यंत पसरला. कारखान्यांमागोमाग माणसे आली. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आली, तशीच केरळ, बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातूनही आली. त्यांची मुले आज एका बाकावर बसतात आणि मधल्या सुट्टीत एकाच वेळी डबे उघडतात. एका डब्यात मेथीची भाजी आणि चपाती असते, शेजारी कांदा-लसूण न घातलेले ठेपले, त्यापलीकडे अंड्याची भुर्जी, सत्तूचे पराठे, एखाद्यात सुकटीची चटणी. यातले काय चालेल, काय चालणार नाही आणि ते कोणत्या आधारावर, हा विषय पालकसभेत निघाला की शुद्धता, सात्त्विकता, संस्कार या गोष्टी लगेच पुढे येतात. तेव्हा प्रश्न स्वयंपाकाचा वाटला तरी त्याचे मूळ धर्मकल्पनेत आहे आणि तो तिथेच तपासायला हवा. माझे म्हणणे असे, की आपल्याच परंपरेने अन्नाचे जे तीन दोष सांगितले आहेत त्यांतला एक शाळेने सर्वांना सारखा लावावा, दुसरा ज्याच्या त्याच्या व्रतावर सोडावा आणि तिसऱ्याला फाटकाच्या आत पाऊल ठेवू देऊ नये.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदाला उपदेश करताना अखेरीस सांगतात, की आहार शुद्ध असला तर चित्त शुद्ध होते. खाण्यापिण्याच्या शुद्धीचा आग्रह धरणारे सगळे या वचनाचा आधार घेतात. पण शुद्ध आहार म्हणायचे कशाला, यावर आचार्यांतही एकमत नाही. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्याच्या आरंभी, आपल्या आधीच्या वाक्यकाराचा हवाला देऊन, अन्नाला तीन प्रकारे दोष लागतो असे मानले आहे. पदार्थ मुळातच वर्ज्य असेल, उदाहरणार्थ कांदा किंवा लसूण, तर तो जातिदोष. अन्न कोणाचे, कोणाकडून आले, यावरून लागतो तो आश्रयदोष. आणि एरवी चांगल्या असलेल्या अन्नात केस, माती, किडे पडले किंवा ते उष्टे झाले, तर तो निमित्तदोष. स्वामी विवेकानंदांनीही भक्तियोगाचे विवेचन करताना हे तीन दोष उलगडून सांगितले आहेत. ही विभागणी आजही उपयोगी आहे, कारण ‘अशुद्ध डबा’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन अगदी वेगळ्या तक्रारी एकाच नावाखाली करत असतो. अंडे आणले ही एक तक्रार, अमक्याच्या घरचे आहे ही दुसरी आणि भाजी आंबली आहे ही तिसरी. वाद पेटतो तो पहिल्या दोहोंवर. मुले आजारी पडतात ती मात्र तिसऱ्यामुळे.

म्हणून सुरुवात तिसऱ्यापासून केली पाहिजे. या पट्ट्यातल्या घरांचा दिवस शिफ्टवर चालतो. कंपनीची बस चौकात सहाच्या सुमारास येते, म्हणून डबे पाच-साडेपाचलाच भरले जातात, आणि आईसुद्धा कामावर जात असेल तर नवऱ्याचा, मुलाचा आणि स्वतःचा असे तीन डबे एका दमात होतात. मुलाचा डबा उघडायला मधे चार-पाच तास जातात. गरम चपाती तशीच डब्यात कोंबली की तिला वाफ धरते, झाकणाला पाणी सुटते आणि त्या ओलाव्यात जंतूंना आयती जागा मिळते. शिजवलेले ओलसर अन्न पाच ते साठ अंश सेल्सिअस या टप्प्यात जितका वेळ राहील तितके ते धोक्याकडे सरकते. साध्या तापमानात दोन तास आणि पारा ३२ अंशांपलीकडे असेल तर एकच तास, असा सावधगिरीचा दंडक अमेरिकेतील अन्नसुरक्षा यंत्रणा सांगतात. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीला टाकायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पण भातात बॅसिलस सिरीयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तग धरतात, रात्रभरात त्यांचे जिवाणू होऊन वाढतात आणि त्यांनी सोडलेले एक विष फोडणीच्या आचेनेही जात नाही. घट्ट झाकणाच्या डब्याला आतून जी रबरी रिंग असते, ती काढून धुतली नाही तर तिच्या खाचेत परवाच्या आमटीचा थर तसाच राहतो. डबा वरून लख्ख दिसतो आणि आत निमित्तदोष मुक्कामाला असतो.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार आहेत. सात्त्विक आहाराचा दाखला देणाऱ्यांनी ते श्लोक एकदा शांतपणे पाहावेत. तिथे कोणत्याही धान्याचे, भाजीचे किंवा प्राण्याचे नाव नाही. आयुष्य, बळ, आरोग्य, सुख आणि प्रसन्नता ज्याने वाढते, जे रसाळ, स्निग्ध आणि मनाला आवडणारे असते, ते सात्त्विक. शिळे, रस गेलेले, वास मारणारे, उष्टे ते तामस. म्हणजे खाणाऱ्यावर होणारा परिणाम आणि अन्नाची अवस्था ही तिथली मोजमापे आहेत. या मापाने पाहिले तर पहाटे भरलेली, दुपारपर्यंत आंबलेली शाकाहारी भाजी तामस ठरते, आणि आवडीने संपवलेली ताजी डाळ-चपाती सात्त्विक. मनाला आवडणे ही अटही तिथे आरोग्याच्या शेजारी बसली आहे, हे आयांनी आणि शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. न खाल्लेल्या डब्यातले पोषण कोणाच्याही अंगी लागत नाही. म्हणून दुधीची भाजी मुलाला नको असेल तर तोच दुधी किसून थालीपिठात घालणे, चपातीचे चार घास होतील असे तुकडे करणे, कोरड्या तीळ-शेंगदाण्याच्या चटणीची चव लावणे, मोडाच्या मटकीवर डब्यातच लिंबाची फोड ठेवणे, हा लाड नाही. त्या लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. इथे चव आणि पोषण एकाच बाजूला उभे आहेत.

निमित्तदोष सर्वांना सारखा का लावायचा, याचे कारण सरळ आहे. तो सिद्ध करता येतो आणि तो जात-धर्म पाहत नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात कीटकनाशक मिसळले गेले होते. ते जेवण कोणत्याही सोवळ्याच्या नियमाने वर्ज्य नव्हते. शाळेत शिजलेले अन्न मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि आणखी एखाद्या मोठ्या माणसाने चाखून पाहावे, असा नियम शालेय पोषण आहारात आहे. तो नियम काटेकोर पाळणे हे खरे सोवळे आहे. हात धुवायला साबण आणि वाहते पाणी, डबे ठेवायला सावलीतली जागा, पिण्याच्या पाण्याची धुतलेली टाकी, एवढे ज्या शाळेत नाही तिने मुलांच्या डब्यात अंडे आहे का हे तपासत बसणे म्हणजे मूळ कर्तव्य टाकून भलत्याच कामाला लागणे आहे.

आता जातिदोष. जैन कुटुंबाचे मूल कंदमूळ खात नाही, मुसलमान घरातले डुकराचे मांस खात नाही, माळकरी घरात अंडेही चालत नाही. या मर्यादांना मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. जिवाची हिंसा टाळण्याची तळमळ त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी आहे आणि ती माणसाला मोठे करणारी आहे. प्रश्न त्या मर्यादेच्या व्याप्तीचा आहे. याचे उत्तर या पट्ट्याच्या अंगणातच सापडते. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी, आणि मधे हे सगळे कारखाने. वारकरी संप्रदायात मांसाहाराचा त्याग तुळशीच्या माळेशी बांधलेला आहे. माळ कोणाच्या गळ्यात जन्मतः नसते. माणूस ती समजून उमजून घालून घेतो आणि त्या दिवसापासून तिचे नियम पाळतो. माळकऱ्याच्या शेजारी राहणारा माळकरी होत नाही, आणि त्याने व्हावे अशी सक्ती कोणी केल्यास माळेचे मोलच उरत नाही. व्रताचे सगळे बळ ते स्वतःहून घेतलेले असण्यात आहे. जो कांदा कित्येक घरांत जातिदोषाचा मानला जातो, त्याच कांद्याच्या बाजारपेठेसाठी चाकण प्रसिद्ध आहे. खाणाऱ्याचा आणि न खाणाऱ्याचा असा शेजार इथे पूर्वापार आहे आणि त्यात कोणाचे व्रत मोडलेले नाही.

महाराष्ट्रात शालेय पोषण आहारातील अंड्याबाबत जे झाले, ते या कसोटीवर तपासून पाहावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा आणि जे खात नाहीत त्यांना केळे किंवा दुसरे फळ देण्याचा निर्णय घेतला. व्रत असलेल्याला व्रत आणि नसलेल्याला पोषण, अशी ती रचना होती आणि तत्त्वतः ती बरोबर होती. विरोध झाल्यावर जानेवारी २०२४ मध्ये त्यात बदल झाला. ज्या शाळेत ४० टक्के पालकांची हरकत असेल तिथे अंडे सर्वांसाठीच बंद करून फळे द्यायची, असे ठरले. म्हणजे चाळीस घरांचे व्रत उरलेल्या साठ घरांच्या मुलांवर लादले गेले. जानेवारी २०२५ मध्ये तर अंड्यासाठीचा सरकारी निधीच थांबला आणि हवे असेल तर शाळांनी लोकसहभागातून सोय करावी असे सांगितले गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली आणि सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय होता. हीच मुले पुढे पहिलीच्या वर्गात बसतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राथमिक वर्गाच्या मुलाला दुपारच्या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिने देणे बंधनकारक केले आहे. डाळ, हरभरा, शेंगदाणे, दूध यांतूनही ती भरून काढता येतात, हे खरे. शाकाहारी घरांनी डबा त्या हिशेबाने भरावा, हेही खरे. पण ज्या घरात अंडे चालते आणि ते विकत घेणे परवडत नाही, त्या घरच्या मुलाचा हक्क दुसऱ्याच्या व्रतापायी काढून घेण्याला धर्माचा आधार मिळत नाही.

घरून आणलेल्या डब्याच्या बाबतीत हा अतिरेक किती पुढे जाऊ शकतो, हे सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील अमरोह्यात दिसले. डब्यात मांसाहारी पदार्थ आणल्यावरून एका लहान मुलाला शाळेतून काढण्यात आले. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्याला दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळवून देण्याचे आदेश जिल्हा प्रशासनाला दिले. मुलाने डबा स्वतः भरलेला नसतो. घराने जे प्रेमाने दिले ते त्याने आणले, आणि त्यावरून त्याला अपराधी ठरवले तर ते मूल आपल्या आईच्या हाताची लाज बाळगायला शिकते. ही जखम अभ्यासात कुठे नोंदली जात नाही, पण ती आयुष्यभर राहू शकते.

उरला तो आश्रयदोष. अन्न कोणाच्या हातचे आहे यावरून ते बाटते, या समजुतीने महाराष्ट्राला काय काय भोगायला लावले त्याची यादी मोठी आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य उठले आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्यांच्या हाताला विटाळ मानला, त्यांना तर प्रायश्चित्ताचीही सोय नव्हती. बालवयात साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब आंबेडकरांना नळाला हात लावता येत नसे. शिपाई असेल तर वरून पाणी मिळे आणि नसेल तर तहान तशीच राही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळ भरली ती याच कल्पनेविरुद्ध. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींच्या लोकांना प्राधान्य द्यावे असे सांगितले, त्यामागेही हाच विचार होता. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेने शिजवलेले जेवण सवर्ण मुलांनी नाकारले, आणि काही काळ तर तिलाच कामावरून दूर व्हावे लागले. त्या मुलांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. घरून डब्याबरोबर जे आले, ते त्यांनी शाळेत उघडले.

याच परंपरेत या दोषाला उत्तरही आहे. छांदोग्याच्याच पहिल्या अध्यायात उषस्ती चाक्रायणाची कथा येते. पिके बुडालेल्या कुरुदेशात भुकेने व्याकूळ झालेला हा विद्वान एका माणसाचे उष्टे कुळीथ मागून खातो आणि नंतर एका यज्ञात सन्मानाने बसतो. यावर शास्त्रकार म्हणतील, की ती आपत्काळातली सवलत आहे, नियम नव्हे. मान्य. म्हणून मी त्या कथेवर सगळा भार टाकत नाही. संतांचा काला आपत्काळाचा नाही, तो उत्सवाचा आहे. गोकुळात गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या आणि कृष्णाने तो काला सर्वांना वाटला, या कल्पनेवर वारकऱ्यांचा सप्ताह काल्याच्या कीर्तनाने संपतो आणि आषाढी वारीची सांगता गोपाळपूरच्या काल्याने होते. मुलांनी आणलेल्या शिदोऱ्या, त्यांतले आंबट-गोड सगळे एकत्र, आणि वाटणारा देव. आश्रयदोषाला याहून स्पष्ट नकार असू शकत नाही. इतिहासात वारकऱ्यांनी हे नेहमी पाळले असे म्हणणे मात्र खोटे होईल. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. पण आचरण उणे पडले म्हणून काल्याचा अर्थ पुसला जात नाही. उलट जिथून तुकोबांची पालखी निघते आणि पुढे आकुर्डीत मुक्कामाला थांबते, त्या गावांतल्या शाळांवर तो अर्थ जगून दाखवण्याची जबाबदारी अधिक येते.

या मांडणीवर जे आक्षेप येतील त्यांतला सर्वांत प्रामाणिक आक्षेप शेजाऱ्याच्या मनाचा आहे. माझ्या मुलाला मांसाच्या वासाने मळमळते, जिवाच्या हत्येने त्याला खरोखर दुःख होते, मग त्याने ते समोर का पाहावे? या दुःखाची चेष्टा करू नये. मोकळ्या हवेत जेवू देणे, मुलाला हवी ती जागा घेऊ देणे, एवढी सोय शाळेने खुशाल करावी. मात्र जागा मुलाच्या इच्छेने बदलावी, वेगळी पंगत शाळेने मांडू नये. दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते पाहून वाटणारे दुःख आणि आपल्याच ताटात ते वाढले जाण्याने होणारे नुकसान, यांत फरक आहे. दुसऱ्यापासून प्रत्येकाला संरक्षण मिळालेच पाहिजे. पहिल्यापासून संरक्षण मागायचे तर ते प्रत्येकालाच द्यावे लागेल, आणि मग कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी निम्म्या वर्गाचे डबे बंद करावे लागतील. अहिंसेची साधना करणाऱ्याने दुसऱ्याचे मन वळवावे, आपल्या आचरणातल्या मार्दवाने वळवावे. मुलाचा डबा जप्त करणे ही वळवण्याची रीत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. मांस आणि मासे लवकर खराब होतात, तेव्हा सुरक्षिततेसाठी तरी ते शाळेत नको. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच नियम पदार्थाच्या नावाने न करता त्याच्या अवस्थेने करावा. गरम राहणार नाही किंवा थंड ठेवता येणार नाही अशी रस्सेदार कोंबडी उन्हाळ्याच्या दिवसांत डब्यात देऊ नये. तोच नियम पनीरच्या भाजीला, ओल्या नारळाच्या चटणीला, रात्रीच्या मसालेभाताला आणि दुकानातल्या मेयोनीज लावलेल्या सँडविचलाही लागू करावा. दशमी, ठेपले, भाजलेले चणे, गूळ-शेंगदाणे, सुकी भाजी हे कोरडे पदार्थ कोणत्याही घरात चालतात आणि टिकतात. रस्सा द्यायचाच तर थर्मासचा डबा आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्यावा. असा नियम झाला तर तो पाळताना कोणाला आपल्या धर्मावर बोट ठेवल्यासारखे वाटणार नाही. शाकाहाराच्या नावाने केलेला नियम मात्र आंबलेल्या पनीरला मोकळी वाट देतो.

तिसरा आक्षेप असा, की मुले एकमेकांचे घास खातात, मग व्रत कसे टिकणार? आणि आता तर ॲलर्जीचेही भय आहे. मराठी स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट कुठे नसते? साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत ते असतेच, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर एक घास बेतू शकतो. त्यावर ‘कोणीही कोणाचे खाऊ नये’ असा सरसकट फतवा काढणे सोपे, पण त्याने मधल्या सुट्टीतली सगळ्यांत चांगली गोष्ट मारली जाते. अधिक कष्टाचे पण अधिक फळ देणारे काम म्हणजे मुलांना विचारायला शिकवणे. देण्याआधी ‘यात अंडे आहे, चालेल का?’, घेण्याआधी ‘यात दाणे आहेत का?’ सात-आठ वर्षांचे मूल हे सहज शिकते. ज्याला ॲलर्जी आहे त्याची नोंद वर्गशिक्षकांकडे असावी, त्या वर्गात दाण्यांबाबत कडक बंदीही असावी, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. विचारून देणे आणि सांगून घेणे ही सवय लागली की आपले व्रत सांभाळणे आणि दुसऱ्याचा मान राखणे या दोन्ही गोष्टी मूल एकाच वेळी शिकते. पहिली-दुसरीत बाईंनी लक्ष ठेवले तर अपघात क्वचित घडतील, आणि नकळत घडलेल्या गोष्टीने व्रत मोडत नाही हे कोणताही समंजस धर्मगुरू सांगेल.

शेवटचा आक्षेप संस्कारांचा, आणि तोच सर्वांत खोल आहे. अन्नाने मन घडते, मग मुलाच्या मनाच्या शुद्धीसाठी आसपासचे वातावरणही शुद्ध नको का? इथे पुन्हा सनत्कुमारांच्या त्या वचनाकडे यावे लागते. शंकराचार्यांनी त्यावर भाष्य करताना आहाराचा अर्थ केवळ तोंडाने घेतलेल्या अन्नापुरता ठेवला नाही. इंद्रियांनी आपण जे जे आत घेतो ते सर्व त्यात येते, आणि राग, द्वेष, मोह यांचा स्पर्श नसणे हीच त्याची शुद्धी, असे ते म्हणतात. हे भाष्य मान्य केले तर निष्कर्ष अटळ आहे. शेजारच्या मुलाचा डबा पाहून नाक मुरडायला शिकलेल्या मुलाने द्वेष आत घेतलेला असतो. त्याच्या स्वतःच्या डब्यातली भाजी कितीही सोवळ्यात शिजलेली असो, त्या जेवणाने त्याचा आहार अशुद्ध झाला. रामानुजांचा अर्थ घ्या किंवा शंकराचार्यांचा, शाळेसाठी वाट एकच निघते. अन्न स्वच्छ ठेवा आणि मन निर्मळ ठेवा.

छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहायला सांगतात आणि मग वेद म्हणायला लावतात. बारा वर्षे शिकलेल्या त्या मुलाला एक ऋचाही आठवत नाही. जेवल्यावर सगळे परत आठवते. मन अन्नावर उभे आहे, हा धडा बापाने मुलाला उपाशी ठेवून दिला, पण अर्थ असा की कोणत्याही मुलाला उपाशी ठेवून शिकवता येत नाही. म्हणून या पट्ट्यातील शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे. येत्या पालकसभेत डब्याचा विषय निघाला तर त्यात काय नसावे याची यादी करण्यापूर्वी हात धुवायची जागा, पाण्याची टाकी आणि डबे ठेवायची सावली पाहून या. सुरक्षिततेचे नियम करा आणि ते सर्वांना सारखे लावा. आपल्या घरचे व्रत आपल्या मुलाला समजावून सांगा, त्याचा अभिमान द्या, पण ते शेजारच्या डब्यावर लादू नका. आणि वर्गात कोणी कोणाच्या हातचे म्हणून घास नाकारत असेल, तर त्या दिवशी गणिताचा तास बाजूला ठेवून आधी त्यावर बोला.